बिलिंग स्लो आहे, वायरशार्क नेमका कुठं लावायचा?

उद्यमबागवाला: निपाणीच्या गोडाऊनमधून बिल सेव्ह केलं की चक्र फिरत बसतं. नेटवाला सॉफ्टवेअरकडं बोट दाखवतो, सॉफ्टवेअरवाला नेटकडं. लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावला, निपाणीचं एक पॅकेट दिसेना, नुसतं एआरपी (पत्ता विचारणारी पॅकेट). लवकर सांगा, मालक डोक्यावर बसलेत.

खानापूरकर: सर्व्हर कुठं आहे? लॅपटॉप कुठं लावलाय? बेळगावात पण स्लो आहे की फक्त निपाणीत?

उद्यमबागवाला: सर्व्हर इथंच ऑफिसात, लॅपटॉप त्याच स्विचला. इथं पण कधी कधी अडकतं. ते सोडा, उपाय सांगा की.

पोर्टमिरर: सोडा कसं? स्विच सर्व्हरचं पॅकेट तुमच्या पोर्टवर सोडतच नाही, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना पाठवलेलं, तेवढं येणार. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच असेल तर सर्व्हरचा पोर्ट मिरर करा, म्हणजे त्याच्या पॅकेटची नक्कल तुमच्या पोर्टवर येईल.

टिळकवाडी_नेट: राउटर बदला. आमचं बदलल्यावर एकदम झकास चालतंय.

खानापूरकर: न बघता राउटर कशाला? आणि मिरर पण आत्ता नको. बोंब निपाणीची आहे, तर निपाणीच्या पीसीवरच लावा. सिन (जोडणीची मागणी) ते सिन-ॲक (सर्व्हरचा होकार) किती वेळ, आणि सेव्ह दाबल्यावर ॲक (पोच) कधी, उत्तर कधी, एवढंच बघा.

पोर्टमिरर: पीसीवर पकडलं की १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेट दिसतात. ती ऑफलोडची (पॅकेट तोडायचं-जोडायचं काम नेटवर्क कार्डावर टाकण्याची) करामत, तारेवर तशी नसतात.

खानापूरकर: आणि मिररमध्ये जाणं-येणं दोन्ही एकाच पोर्टात कोंबलं की पॅकेट गळतात. मग गळती स्विचची आणि शिव्या नेटवाल्याला.

चिकोडीचा_बाळू: बिलावर कन्नडच्या जागी चौकोन येत असतील तर नुडी (कन्नड फाँट-टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाका.

उद्यमबागवाला: चौकोन येत नाहीत हो. गोडाऊनच्या पोराला फोनवर सांगून लावून घेतला. सिन-ॲक २२ मिलिसेकंदात. सेव्ह दाबल्यावर ॲक तेवढ्यातच, मग ४ सेकंद गप्प, मग उत्तर. रिट्रान्समिशन (पॅकेट परत पाठवणं) एकही नाही.

खानापूरकर: मध्ये प्रॉक्सी (दोघांच्या मध्ये बसून दोन्हीकडं स्वतः बोलणारा सर्व्हर) आहे का? असला तर तो ॲक त्याचाच.

उद्यमबागवाला: प्रॉक्सी नाही. राउटरमधून व्हीपीएन (दोन्ही जागा जोडणारी खासगी वाट) आहे, ते असतंच की.

खानापूरकर: हे आत्ता सांगताय! बरं, साधा व्हीपीएन स्वतः ॲक देत नाही. म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, नेटवाला बहुतेक सुटला. आता सर्व्हरवर पण लावा. मागणी आत आल्यापासून उत्तर बाहेर पडेपर्यंत तिथंही तेच ४ सेकंद दिसले, की दोन्ही फाइल सॉफ्टवेअरवाल्याला द्या. दोन्हीकडची घड्याळं आधी जुळवा.

पोर्टमिरर: तशाच देऊ नका, एन्क्रिप्शन नसेल तर गिऱ्हाइकांची नावं, पासवर्ड सगळं त्यात. एडिटकॅपनं (वायरशार्कसोबत येणारं टूल) प्रत्येक पॅकेट ९६ बाइटवर कापा. हेडर (पॅकेटच्या सुरुवातीचा पत्त्यांचा भाग) राहतात, वेळ राहते, आतला मजकूर बहुतेक जातो.

खानापूरकर: मग कुठली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) अडकली ते त्याला कसं कळणार?

पोर्टमिरर: ते त्यानं आपल्या डेटाबेसच्या लॉगमध्ये बघावं.