आबांचा फोटो काढताना नेमकं कुठं आणि कसं बसू?

द्राक्षबाग (तासगाव)

नमस्कार मंडळी. आमचे आबा ८२ वर्षांचे आहेत. तासगावजवळ आमची दोन एकर बाग आहे आणि सकाळी सहाची पहिली फेरी अजूनही त्यांचीच असते. गेल्या उन्हाळ्यात ते आजारी पडले, तेव्हा लक्षात आलं की घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. लग्नातल्या गर्दीतले आहेत, आधार कार्डावरचा आहे, बस्स. म्हणून मनावर घेतलं. माझ्याकडं निकॉनची साधी क्रॉप बॉडी (लहान सेन्सरचा कॅमेरा) आहे, तिच्यासोबत आलेली १८-५५ एमएमची झूम आणि नंतर घेतलेली ५० एमएमची लेन्स.

दोन रविवारांत शंभरावर फोटो काढले. त्यातला एकही मला आबांचा वाटत नाही.

पहिल्या रविवारी ते सोप्यात घोंगड्यावर मांडी घालून बसले होते, मी समोर उभी राहून काढले. दारातून येणारा उजेड सुरेख होता. पण फोटोत आबा एवढेसे दिसतात. टोपी आणि कपाळ मोठं, खालचं अंग आक्रसलेलं, आणि डोळे वर करून बघतायत, कुणाकडं काही मागायला आल्यासारखे. आज्जीनं बराच वेळ फोटो निरखला आणि म्हणाली, "ह्यांनी असं कुणाकडं बघितलेलं मी तरी कधी बघितलं नाही गं." मला रडायलाच आलं.

दुसऱ्या रविवारी ठरवून उलट केलं. बागेत त्यांना उभं केलं आणि मी जमिनीवर बसून खालून काढले, झूम १८ वर म्हणजे सगळ्यात रुंद ठेवून, अगदी जवळून. आता हनुवटी, नाकपुड्या आणि मागं सगळं पांढरं आभाळ. हातातली छाटणीची कात्री तोंडाएवढी दिसतीय. चौकातल्या फ्लेक्सवर पुढारी असतो तसे आबा झालेत. आमच्या आबांनी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही.

८५ ची लेन्स घ्यावी असं एकानं सुचवलं. घेऊ का? की माझं उभं राहणंच चुकतंय? माझी उंची पाच फूट एक इंच आहे, त्याचाही काही संबंध असला तर सांगा.

पोवई नाका (सातारा)

ताई, पैसे घालवू नका. तुमच्या क्रॉप बॉडीवर ५० ची लेन्स जवळजवळ ७५ सारखीच पडते, माणसांच्या फोटोला ती उत्तम आहे. चेहरा लेन्समुळं बिघडत नाही, अंतरामुळं बिघडतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटिमीटर धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर असेल तर कान ५२ वर गेला, म्हणजे नाक कानाच्या मानानं तीस टक्के मोठं. तेच दोन मीटरवर गेलात तर फरक सहा टक्क्यांवर येतो. मोबाइलवरच्या जवळच्या फोटोत सगळ्यांची नाकं फुगतात ती याचमुळं.

उंचीचा संबंध आहे, पुष्कळ आहे. मी स्वतः पाच फुटांची, लग्नाचे फोटो काढते. सहा फुटी नवरदेव समोर आला की माझा कॅमेरा आपोआप त्याच्या छातीवर येतो आणि मान वर करून काढला की हनुवटीच दिसते. म्हणून गाडीत एक प्लॅस्टिकचं स्टूल कायम असतं. सुरुवातीला कार्यालयात सगळ्यांसमोर स्टुलावर चढायला लाज वाटायची, आता वाटत नाही. आबांसाठी मात्र तुम्हाला वर चढायचं नाहीये, खाली यायचंय. बसून काढा, पण लांबून.

जुना स्टुडिओ (मिरज)

वयानं मोठा आहे म्हणून एकेरी बोलतो, पोरी. तुझी आज्जी जे बोलली ते ह्या कामातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. तिला फोटोतली चूक बरोबर दिसली.

मी ३५ वर्षं स्टुडिओ चालवला. पहिली कैक वर्षं याशिकावर काढली, दोन भिंगांची, १२० चा रोल, सहा बाय सहाच्या बारा फ्रेमा. तो कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. गळ्यात अडकवून पोटाच्या वर धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. काचेत माणूस सुलटा दिसतो, पण डावं-उजवं उलटं. त्यानं दोन गोष्टी आपोआप व्हायच्या. एक म्हणजे भिंग जमिनीपासून चार फुटांच्या आसपास राहायचं, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळेही तेवढ्याच उंचीवर असतात. दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाला माझं तोंड दिसायचं नाही, माझ्या डोक्याचा भांग दिसायचा. त्याच्यापुढं मी मान लववून उभा आहे म्हटल्यावर माणूस सैल पडायचा. खांदे उतरायचे. शिवाय मीटरभराच्या आत तो कॅमेरा फोकसच धरायचा नाही, त्यामुळं कुणाच्या नाकाशी जाऊन उभं राहायची सोय नव्हती.

मग मी डोळ्याला लावायचा कॅमेरा घेतला. भिंग चांगलं, रोल मोठा, सगळं भारी. आणि माझे बसलेल्या माणसांचे फोटो बिघडायला लागले. उजेड तोच, पडदा तोच, खुर्ची तीच. म्हाताऱ्या बायका केविलवाण्या दिसायला लागल्या, पोरं रुसल्यासारखी. सहा-सात महिने मी दिव्यांना दोष देत होतो, दोनदा दिव्यांवरच्या छत्र्या बदलल्या. एक दिवस जुनी याशिका सहज गळ्यात घातली, खुर्चीकडं बघितलं आणि कळलं की माझा कॅमेरा फूट-दीड फूट वर सरकलाय. एवढंच झालं होतं. त्या दिवशी सुताराकडून एक बुटकं स्टूल करून घेतलं, ते अजून माझ्याकडं आहे.

आता तुझं गणित. मांडी घालून बसलेल्या आबांचे डोळे जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. तू उभी, तुझे डोळे पावणेपाच फुटांवर. पाच फूट लांब उभी असलीस तर सव्वीस-सत्तावीस अंशांनी तू खाली बघतीयस. त्या माणसानं तुझ्याकडं बघायचं म्हटलं तर मान वर करण्यावाचून इलाज नाही. मागायला आल्यासारखं दिसतं ते तिथून येतं. ते आबांच्या डोळ्यांत नाही, तुझ्या पायांत आहे.

एक गोष्ट तंबोऱ्याची सांगतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच सुमारास एका जुन्या कारागिराचा फोटो काढायला गेलो होतो. ते जमिनीवर बसून जवारी काढत होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवत होते. घोडीवर कानस एकदा, अगदी हलकी फिरवायची, तार छेडायची, कान न्यायचा, परत एकदा फिरवायची. तार आणि घोडीच्या मध्ये दोऱ्याचा तुकडा सरकवायचा, केसभर इकडं, केसभर तिकडं, आवाज उघडेपर्यंत. मी उभ्यानं बघितलं तर टक्कल आणि भोपळा. ज्या हातांचा फोटो काढायला आलो ते हातच दिसत नव्हते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. त्यांनी मान वर केली नाही, नुसते डोळे उचलले आणि ते थेट माझ्या भिंगात. बरोबर जागा सापडली की असं होतं.

पण तिथं मी दुसरी चूक केली, फार जवळ बसलो. चेहरा मीटरभर लांब आणि भोपळ्याची पुढची बाजू साठ सेंटिमीटरवर. भोपळा चेहऱ्याच्या मानानं दीडपटीहून मोठा आला, माणूस भोपळ्यामागं लपल्यासारखा. मग समोरच्या भिंतीला पाठ लावून बसलो, तीन मीटरवर. आता भोपळा दोन मीटर साठवर, फरक पंधरा टक्क्यांचा. भोपळा भोपळ्याएवढा, माणूस माणसाएवढा. तुझ्या कात्रीचं तेच झालंय.

अजून एक नीट ध्यानात घे. कॅमेरा खाली आणणं वेगळं आणि खाली झुकवणं वेगळं. जिथं असशील तिथं कॅमेऱ्याची पाठ भिंतीसारखी उभी ठेव. वाकून कंबरेतून काढू नकोस, वाकलेला माणूस हलतो आणि कॅमेरा हमखास झुकतो. पाटावर मांडी घाल, कोपरं गुडघ्यांवर टेकव, श्वास सोडताना दाब. स्क्रीन वळत असेल तर कॅमेरा छातीशी धरून खाली बघ, तुझ्या आबांनाही तुझा भांग दिसू दे.

लाल माती (कुंडल)

खालून काढणं वाईट असा समज होऊ नये म्हणून लिहितोय. मी मैदानांत कुस्त्यांचे फोटो काढतो. पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा मी आखाड्याच्या कडेला पालथा पडलेला असतो, कॅमेरा मातीपासून वीतभर वर. उभ्यानं काढला तर मागं सगळी खालची माती येते आणि पैलवान तिच्यात चिकटवल्यासारखा दिसतो. रशियातले फोटोग्राफर अलेक्झांडर रॉडचेंको यांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की सगळे बेंबीच्या उंचीवरून काढतात ते सोडा, वरून बघा, खालून बघा. मला ते पटतं.

त्यामुळं जुना स्टुडिओ काकांशी एका बाबतीत माझं जमत नाही. डोळ्यांच्या उंचीवरून काढलेलाच फोटो खरा असं मी म्हणणार नाही. पैलवानाचा खरेपणा त्याच्या मांड्यांत आणि छातीत आहे, तो खालूनच दिसतो. पण मी खालून काढतो तो पंधरा-वीस फुटांवरून, ७०-२०० एमएमच्या लांब पल्ल्याच्या लेन्सनं. ताईंनी खालून काढला, तोही जवळून, तोही १८ वर. दोन्ही एकत्र आलं की नाकपुड्या.

आभाळाचं कारण सोपं आहे. कॅमेऱ्याच्या उंचीएवढं जे काही असेल ते फोटोत क्षितिजाच्या रेषेवर येतं. कॅमेरा जमिनीला टेकवला की क्षितिज पायाशी गेलं, वरचं सगळं आभाळ. उभ्या आबांसाठी कॅमेरा त्यांच्या छातीएवढा ठेवा आणि आठ-दहा फूट मागं सरा, मागं वेलींची ओळ येईल. मोबाइलनं खूप खालून काढायचा असला तर तो उलटा धरा, भिंग खालच्या अंगाला येतं.

जुना स्टुडिओ (मिरज)

पैलवानाचं मान्य आहे. त्याला स्वतःलाच तसं दिसायचं असतं, म्हणून ते खोटं ठरत नाही. आबांना कसं दिसायचंय ते आबांना विचारलंय का कुणी?

द्राक्षबाग (तासगाव)

विचारलं. काका, तुमचं वाचून काल सकाळीच विचारलं. आबा म्हणाले, "मला फोटोतनं बाग दिसली पायजे." मला वाटलं मागं बाग हवी. तसं नव्हतं. त्यांना बागेकडं बघत बसायचं होतं, सोप्यातून दारातून दिसते तिकडं.

मग मी दाराच्या बाहेर, पायरीखाली पाट टाकून बसले. अंगण सोप्यापेक्षा दीड फूट खाली, म्हणून एका पाटानं भागेना, तीन पाट आणि त्यांवर पोतं असं करत माझे डोळे त्यांच्या डोळ्यांएवढे आणले. ५० ची लेन्स, मधलं अंतर टेपनं मोजलं, नऊ फूट. मी पाट लावत असताना आबा दोनदा म्हणाले, "खाली कशाला बसतीस, पोरी, खुर्ची घे की." तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, माझ्या डोक्यावरून बागेकडं बघायला लागले आणि तेव्हा मी दाबलं.

आज्जीला दाखवला. तिनं फोटो बघून नुसतं "हं" केलं आणि फोन देईना.

एकच राहिलंय. आबांच्या चष्म्यात दारातला उजेड चमकतोय, एक डोळा जवळजवळ दिसत नाही. चष्मा काढायला सांगू का? त्याशिवाय ते आबा वाटत नाहीत.

जुना स्टुडिओ (मिरज)

काढू नकोस. चष्म्याच्या काड्या कानांवरून थोड्या वर उचल, अर्धा बोटभर. काचा पुढून खाली कलतात आणि दारातला उजेड जमिनीकडं जातो. समोरून कळतही नाही. आणि काड्या तू स्वतः उचल, त्यांना सांगत बसू नकोस, म्हणजे मान हलणार नाही. उजेड सकाळी नऊच्या आतला घे.