युरोपात पायलट ट्रेनिंग : टायगर मॉथ आणि अल्ट्रालाइटवरचे तास धरतात का?

पार्ल्याची आई
नमस्कार. माझ्या मुलीची बारावी सायन्स झाली असून सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, ती युरोपातील एका संस्थेत जाण्याचा विचार करत आहे. संस्थेने पाठवलेल्या विमानांच्या यादीत सेसना 172 आहेच, पण एक टायगर मॉथ आणि 600 किलोचे एक दोन आसनी विमानही आहे, आणि या शेवटच्या विमानापुढे नुसते ‘अल्ट्रालाइट’ लिहिले आहे. कर्ज काढून एकेका तासाचे पैसे भरायचे आहेत, म्हणून विचारते, की तिथे कोणत्याही विमानात घेतलेले शिक्षण परवान्यासाठी मोजतात का?

जुहूचा जुना इन्स्ट्रक्टर
ताई, विमान कितीही उत्तम स्थितीत असले तरी ते कोणत्या कायद्याखाली उडते यावर हे ठरते. युरोपीय संघाच्या 2018/1139 या मूळ नियमावलीखाली बहुतेक विमाने ईएएसएच्या, म्हणजे युरोपीय विमान सुरक्षा संस्थेच्या, कक्षेत येतात, आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजे एटीओचा, ताफा अशाच विमानांचा असावा लागतो. त्याच नियमावलीच्या पहिल्या परिशिष्टात मात्र काही विमाने या कक्षेबाहेर ठेवली आहेत, जसे की ऐतिहासिक, संशोधनासाठीची, किमान 51 टक्के काम हौशी लोकांनी स्वतः करून बांधलेली, पूर्वी लष्करात असलेली, आणि त्यांच्याखेरीज अगदी हलकी, म्हणजे अल्ट्रालाइट. टायगर मॉथ ऐतिहासिक गटात बसते, कारण मूळ रचना 1955 पूर्वीची आणि उत्पादन 1975 पूर्वी थांबलेले असावे ही अट ते सहज पूर्ण करते. या पहिल्या चार गटांतील विमान प्रशिक्षणाला चालते, परंतु तिथल्या विमान प्राधिकरणाने त्याची सुरक्षितता तपासून त्या एटीओला तशी परवानगी दिलेली असली पाहिजे. ती परवानगी पाहिल्याशिवाय त्या विमानाचे पैसे भरू नका. अल्ट्रालाइटना ही वाट नाही.

पार्ल्याची आई
आभारी आहे. मग ते 600 किलोचे विमान सरळ बाद समजायचे का?

अंधेरी_फर्स्ट ऑफिसर
लगेच बाद करू नका, कारण फसगत नेमकी इथेच होते. सदस्य देशांना 600 किलोपर्यंतची दोन आसनी विमाने आपल्या राष्ट्रीय नियमांखाली ठेवण्याची मुभा आहे, पण त्याच वजनाची काही विमाने ईएएसएचे टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला दिलेले मान्यतेचे प्रमाणपत्र, घेतलेली असतात. पिपिस्ट्रेल व्हायरस एसडब्ल्यू 121 हे असे प्रमाणित विमान आहे, आणि त्यावरूनच तयार झालेल्या वेलिस इलेक्ट्रोला जून 2020 मध्ये टाइप सर्टिफिकेट मिळाले, जे विजेवर चालणाऱ्या विमानाला मिळालेले पहिलेच होते. पण व्हायरसचीच इतर मॉडेल अल्ट्रालाइट म्हणून उडतात, आणि रॅम्पवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेत, शेजारी उभी केली तर नवख्याला फरक कळत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक आणि एअरवर्दिनेसच्या (उड्डाणयोग्यतेच्या) कागदाची प्रत मागा, आणि तो कागद कोणत्या नियमाखाली दिला आहे ते वाचा.

मी युरोपात शिकत असताना माझ्या बॅचमधल्या एका मुलाने अशा अल्ट्रालाइटवर 11 तास केले होते. परवान्याचा अर्ज भरताना त्याच्या लॉगबुकच्या त्या सगळ्या ओळींवर लाल शाईची तिरकी रेघ मारली गेली, आणि तेवढे तास त्याने पुन्हा पैसे भरून सेसनावर पूर्ण केले. त्याला आधी कोणीच सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

अजून एक गोष्ट विचारा. 20 डिसेंबर 2019 पासून तिथल्या एअरलाइनच्या कोर्समध्ये प्रगत यूपीआरटी, म्हणजे विमानाचा ताबा सुटू न देण्याचे आणि सुटल्यास ते सावरण्याचे प्रशिक्षण, आले आहे, ज्यात किमान 3 तासांचे उड्डाण असते. त्याला त्या कामाला योग्य विमान लागते, ते संस्थेकडे आहे की दुसरीकडे जावे लागेल आणि त्याचे शुल्क वेगळे आहे का, हे लेखी घ्या.

जुहूचा जुना इन्स्ट्रक्टर
परत आल्यावरचेही सांगतो. आपल्याकडे सीपीएलसाठी 200 तास लागतात, त्यांतले 100 पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना. परदेशी परवाना बदलून घेताना डीजीसीए, म्हणजे आपली नागरी विमान वाहतूक नियामक संस्था, तो देणाऱ्या प्राधिकरणाकडून त्याची पडताळणी करून घेते, त्यामुळे तिथे जे तास कच्चे ठरतील त्यांच्या भरवशावर इथला हिशेब मांडू नये.

पार्ल्याची आई
दोन्ही विमानांचे नोंदणी क्रमांक आणि टायगर मॉथची परवानगी मागणारे पत्र आज संस्थेला पाठवले. उत्तर येईपर्यंत पहिला हप्ता थांबवला आहे.