राउटिंग आधी काळ्या स्क्रीनवर शिकवावं की विनबॉक्सवर?

मोंढा_परभणी

परभणी जिल्ह्यात आमचं केबल-इंटरनेटचं छोटं काम आहे. यंदा दोन नवी पोरं घेतली. विनबॉक्स (मायक्रोटिक राउटरचा माऊसनं चालणारा पॅनल) उघडून सफाईनं फिरतात, पण राउटिंग टेबल, म्हणजे कोणतं पॅकेट कुठल्या रस्त्यानं जाणार याची यादी, समोर ठेवलं की गप्प. मी ठरवलंय, पहिले दोन महिने माऊस बंद, सगळं काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून. भागीदाराला पटत नाही, म्हणून इथं विचारायलोय.

ऐन कापसाच्या हंगामात एका जिनिंगचं नेट रात्री बंद पडलं. तिथं लिनक्सचा गेटवे (बाहेरच्या नेटकडं जायचं दार) आणि दोन लायनी : फायबर, आणि ती गेली तर टॉवरवरची रेडिओ. पोरगा तासभर पॅनल बघत बसला. दोन्ही लायनी हिरव्या. मी जाऊन 'आयपी राउट' टाकलं. दोन डिफॉल्ट ओळी (दुसरा रस्ता जुळला नाही तर घ्यायचा रस्ता) दिसल्या : फायबरचं मेट्रिक, म्हणजे पसंतीचा आकडा, १००, रेडिओचं २००. कमी मेट्रिकवाला आधी. मग 'आयपी राउट गेट ८.८.८.८' (गूगलच्या या पत्त्याकडं पॅकेट कुठून जाईल) : उत्तर फायबरमार्गे. झालं असं होतं की रस्त्याच्या खोदकामात फायबर लांब कुठंतरी तुटली होती, पण गेटवेपासून ओएनटीपर्यंतची (फायबर जिथं येऊन लागते त्या डब्यापर्यंतची) वीतभर केबल शाबूत. पोर्ट चालू, म्हणून राउटही टेबलात तसाच, आणि सगळं ट्रॅफिक तुटलेल्या लाइनीकडं. रेडिओचा राउट मेट्रिक ५० नं टाकला, नेट आलं आणि जिनिंगचा वजनकाटा पुन्हा सुरू झाला.

पॅनलनं पोर्टची तब्येत सांगितली. पॅकेट कुठून जाणार हे कमांडनं सांगितलं.

टॉवरवाला_हिंगोली

दादा, रात्री कुणीतरी जाऊन कमांड मारावी लागली, हीच खरी अडचण. लाइन आपोआप बदलायला हवी होती. मायक्रोटिकमध्ये नुसतं चेक-गेटवे (पुढच्या डब्याला पिंग करून, म्हणजे हाक मारून, लाइन जिवंत आहे का बघणं) लावलं तरी तुमच्या केसमध्ये ते फसलं असतं, कारण ओएनटी पिंगला उत्तर देतच राहते. म्हणून रिकर्सिव्ह राउट लावतात : बाहेरचा एक पत्ता फायबरमार्गे बांधायचा, डिफॉल्ट त्या पत्त्यावर टेकवायचा आणि पिंग त्यालाच करायचा. विनबॉक्समध्ये पाच मिनिटांचं काम.

आणि कमांडची भीती मला उगाच नाही. घरून एसएसएचवर (लांबच्या मशीनवर कमांड टाकायची सोय) बसून मी एकदा 'आयपी राउट डेल डिफॉल्ट' मारलं. पुढची ओळ टाकायच्या आत कर्सर थिजला. जुना रस्ता मीच काढला होता आणि माझं सेशन त्याच रस्त्यानं चाललं होतं. भर उन्हात चाळीस किलोमीटर गाडी हाणली. नवख्या पोराच्या हातात पहिल्याच महिन्यात हे देऊ नका.

अंबाजोगाई_डिप्लोमा

मी तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. मला टॉवरवाला दादांचं पटतं. आमच्यातल्या निम्म्या जणी काळी स्क्रीन बघूनच मागं सरकतात. स्पेलिंग चुकलं की एरर, आणि तो एररही इंग्रजीत. आधी चित्र दिसलं तर डोक्यात बसतं.

लॅब_लातूर

बाळा, मी तंत्रनिकेतनात हेच शिकवते, आणि तुझी अडचण खरी आहे. पण शब्द किती आहेत ते मोज : अॅड, डेल, शो, गेट, व्हाया, डेव्ह. एसटीच्या पाटीवर 'परभणी–लातूर, मार्गे गंगाखेड' लिहिलेलं असतं ना, त्यातलं 'मार्गे' म्हणजे व्हाया. फरक एकच, आणि तो वहीत लिहून ठेव : पाटीवर अख्खा रस्ता असतो, राउटरला फक्त पुढचा थांबा ठाऊक असतो. गंगाखेडच्या पुढं काय, ते गंगाखेडनं ठरवायचं.

टॉवरवाला भाऊ, तो डिफॉल्ट विनबॉक्समधून डिलीट केला असता तरी सेशन गेलंच असतं. दोष हत्याराचा नाही. मायक्रोटिकच्या टर्मिनलवर कंट्रोल-एक्सनं सेफ मोड लागतो, सेशन तुटलं की बदल मागं फिरतात. ज्युनिपर कंपनीच्या राउटरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे, दहा मिनिटांत पुन्हा कमिट नाही केलं तर जुनं कॉन्फिगरेशन परत. साध्या लिनक्सवर आधी दहा मिनिटांनंतरचं रीबूट लावून ठेवा. 'आयपी राउट'नं केलेला बदल रीबूटला पुसला जातो, तेच तेव्हा उपयोगी पडतं. सगळं नीट झालं की रीबूट रद्द करा.

सरावाला राउटर विकत घ्यायची गरज नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, 'आयपी नेटएनएस'नं तीन नेमस्पेस (एकाच लॅपटॉपातली वेगवेगळी नेटवर्कं) करा, व्हेथच्या जोड्यांनी (आभासी केबलींनी) जोडा. मधला तुमचा राउटर. काही बिघडलं तर पुसा आणि पुन्हा मांडा, कुणाचं नेट जात नाही.

नांदेडकर_सध्या_पुण्यात

मी नेटवर्कच्या कंट्रोल रूममध्ये काम करतो. कमांड यायलाच पाहिजे, पण दोन महिने पोरांना लिहायला लावणं मला चूक वाटतं. एका राउटची पोच किती लांब जाते बघा. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त आपल्या देशात बंद करायचं होतं. त्यांनी २०८.६५.१५३.०/२४ हा राउट टाकला आणि तो बीजीपीतून (इंटरनेट कंपन्या एकमेकींना रस्ते कळवतात त्या पद्धतीतून) बाहेर सुटला. यूट्यूब स्वतः २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. तिरप्या रेघेपुढचा आकडा मोठा म्हणजे पत्ता जास्त नेमका, आणि नेमका राउट नेहमी जिंकतो. मेट्रिकचा नंबर त्यानंतर लागतो. दोनेक तास जगभरातून यूट्यूबकडं निघालेलं ट्रॅफिक भलतीकडं गेलं. यूट्यूबनंही तोच नियम वापरला : आधी /२४, मग /२५ चे दोन तुकडे जाहीर केले.

त्यामुळं वाचायच्या कमांड पहिल्या दिवसापासून. लिहायच्या कमांड नंतर, आणि त्याही लॅबमध्ये.

टॉवरवाला_हिंगोली

हे असं असेल तर माझा विरोध नाही. पण गिऱ्हाईकाच्या साइटवर पहिले सहा महिने विनबॉक्सच, आणि सेफ मोड लावूनच. यावर मी ठाम आहे.

मोंढा_परभणी

सहा महिने मला जास्त वाटतात. पण माऊस बंद करायचं मी मागं घेतो. पोरांना आजपासून एक काम : रोज सकाळी प्रत्येक साइटवर 'आयपी राउट' बघून वहीत उतरवायचं, आणि कोणती ओळ का जिंकली ते बाजूला मराठीत लिहायचं. रिकर्सिव्ह राउटसारखं जिनिंगच्या गेटवेवरही बसवतो, ते राहिलंच होतं.

अंबाजोगाई_डिप्लोमा

मॅडम, भावाच्या लॅपटॉपवर तीन नेमस्पेस केले. मधल्यात आयपी फॉरवर्ड (आलेलं पॅकेट पुढं पाठवायची सोय) १ केलं, म्हणजे चालू. तरी पिंग येईना. टीसीपीडम्प (पॅकेटं येता-जाता दाखवणारी कमांड) लावलं तर पलीकडं रिक्वेस्ट पोचलेली दिसते, रिप्लाय निघतच नाही.

लॅब_लातूर

पलीकडच्या नेमस्पेसमध्ये जाऊन 'आयपी राउट' बघ. परतीच्या गाडीवर 'मार्गे' लिहिलंय का?

अंबाजोगाई_डिप्लोमा

नव्हतं! टाकलं. आला.