दार फोडायच्या आधी अंगण मोकळं करा

वणीकर

मुद्दा थेट मांडतो. झरी-जामणीकडचं एखादं गाव धरा. माणसानं आतून कडी लावून घेतली आहे. आत बायको, दोन लेकरं, हातात कुऱ्हाड, जवळ फवारणीच्या औषधाची बाटली. कोणीतरी ११२ ला फोन करतो आणि गाडीतून दोघं उतरतात, एक अंमलदार आणि एक चालक. ठाणेदार कुठल्यातरी बंदोबस्तात. जादा कुमक यवतमाळहून यायची, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. माझं म्हणणं, या दोघांनी दाराला हात लावू नये. त्यांचं पहिलं काम अंगणातली गर्दी.

कारण तोवर अर्धं गाव तिथे जमलेलं असतं. साळा शिव्या घालतोय, एक जण कवेलूवर चढलाय, सरपंच ‘बाहेर ये, काही होत नाही’ म्हणतोय, पोट्टे मोबाइल धरून उभे. आतल्या माणसाला एकाच वेळी दहा आवाज ऐकू येतात आणि त्यातला एकही त्याला शांत करणारा नसतो.

३० जानेवारी २०२० ला उत्तर प्रदेशात फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात हेच झालं. खुनाच्या गुन्ह्यात जामिनावर सुटलेल्या माणसानं वाढदिवसाच्या नावाखाली गावातली २३ मुलं घरी बोलावली आणि कोंडली. समजवायला गेलेल्या एका गावकऱ्यालाही गोळी लागली. रात्री उशिरा पोलिसांच्या गोळीनं कोंडणारा मेला, मुलं सुखरूप निघाली. पण त्याची बायको जमावाच्या हाती लागली आणि त्या मारहाणीत तिचा जीव गेला. पोलीस मुलांना वाचवू शकले, अंगण सांभाळू शकले नाहीत.

तेव्हा गर्दी दोन घरं मागे. शेजारचं घर रिकामं. मग एकानंच बोलायचं, हळू आवाजात, स्वतःचं नाव सांगून आणि त्याचं विचारून. ‘तुला काय पाहिजे?’ असं आपणहून विचारायचं नाही, मागण्या तयार होतात. मुदत द्यायची नाही. शब्द द्यायचा नाही. ‘मी साधा शिपाई, साहेबांना विचारून सांगतो’ हे वाक्य त्या अंमलदाराच्या फार कामाचं आहे, कारण ते खरं असतं आणि वेळ मिळवून देतं. चालकानं घड्याळ पाहून लिहीत राहायचं: किती वाजता काय बोलला, आत कोणाचा आवाज आला.

आणि ‘गुन्हा दाखल करीन’ ही धमकी तर अजिबात नको. सरकारी माणसावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २२६ खाली गुन्हा आहे, मान्य. पाण्याच्या टाकीवर चढलेल्याला हे खालून ओरडून सांगणारे आपल्याकडे कमी नाहीत. तो ऐकून उतरत नाही, अजून एक पायरी वर चढतो.

पऱ्हाटीवाला

वणीकर भाऊ, कागदावर लय चांगलं हाये. पण आतमंधी बाई वरडून रायली अन् बाहेर पोलीस वहीत टाइम लिहून रायले, हे गावानं पाहत बसाचं काय? शंभर किलोमीटरवरून गाडी येईन तवापर्यंत तेरवीची तयारी कराची काय? आमच्याकडे अर्ध्या घराइच्या मागच्या भिती कुडाच्या. चार जवान पोट्टे मागून लाथ घालतीन, दोघं समोरून. कुऱ्हाड उचलाले वेळ भेटत नाई त्याले. पवईत ऑक्टोबर २०२५ मंधी एकानं १७ पोरं कोंडली होती. पोलीस बाथरूममधून घुसले म्हणूनच वाचली ना?

वणीकर

@पऱ्हाटीवाला पवईत घुसायच्या आधी त्या माणसाशी बोलणं चाललं होतं, आणि घुसले ते तयारीचे पोलीस होते. तुमचे चार पोट्टे भिंत पाडून आत पडतील तेव्हा धुळीत त्यांना कोण दिसेल? आणि त्याला सगळ्यात जवळ कोण असेल? लेकरू. अशा प्रसंगात पहिला अर्धा-पाऊण तास सगळ्यात वाईट असतो, तेव्हा माणूस सगळ्यात जास्त पेटलेला असतो. नंतर भूक लागते, झोप येते, लघवीला लागते. म्हणून वेळ आपल्या बाजूनं असतो. १९७३ च्या जानेवारीत ब्रुकलिनमधल्या खेळाच्या सामानाच्या एका दुकानात हत्यारबंद लोकांनी माणसं ओलीस धरली. सुरुवातीच्या गोळीबारात एक पोलीस मेला. तरी न्यूयॉर्क पोलीस ४७ तास थांबले आणि ओलीस जिवंत निघाले. हार्वे श्लॉसबर्ग नावाचा मानसशास्त्र शिकलेला डिटेक्टिव्ह आणि फ्रँक बोल्झ यांनी त्याच वर्षी तिथे बोलणी करणारं पथक उभं केलं. घुसण्याची ताकद असूनही थांबायचं ठरवलं त्यांनी.

संध्या, आर्वी

दुकानातल्या दरोडेखोराचा दाखला घरातल्या नवऱ्याला लावताय, तिथेच माझा आक्षेप आहे. दरोडेखोराला ओलीस जिवंत हवे असतात, त्यांच्या बदल्यात त्याला काहीतरी सोडवून घ्यायचं असतं. नवऱ्याला बायकोच्या बदल्यात काही नको असतं. राग तिच्यावरच आहे. ती सौद्यातली वस्तू नाही, निशाणा आहे. मग ‘वेळ आपल्या बाजूनं’ कसा?

‘थांबा, बोला, शांत होऊ द्या’ हे आमच्या बायांनी आधीच खूप ऐकलंय. ‘घरचा मामला आहे, सकाळी या’ हे त्याचंच दुसरं रूप. म्हणून दारावर पोहोचलेल्या अंमलदारानं नाव विचारण्याआधी शेजारणीला विचारावं: याआधी मारहाण झाली होती का? बाई माहेरी गेली होती का? परत कधी आणली? ठाण्यात तक्रार आहे का? हे सगळं गावच्या आशाताईला पाच मिनिटांत सांगता येतं. माहेरून कालच आणलेली बाई आत असेल तर मला तुमचे ४७ तास नकोत.

मूलचा मास्तर

संध्याताईंना दुजोरा. मी शाळेत शिकवतो म्हणून युवाल्डी विसरत नाही. टेक्सासमधली शाळा, २४ मे २०२२, बंदूकवाला वर्गात घुसून गोळ्या झाडत होता. पहिले पोलीस तीनेक मिनिटांत आत होते. गोळ्या आल्या, मागे हटले आणि मग ‘आरोपी कोंडला गेलाय’ असं समजून चावी, ढाल, जादा कुमक यांची वाट पाहत बसले. ७७ मिनिटं. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. अमेरिकेत १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर पोलिसांची शिकवण बदलली होती: गोळ्या चालू असतील तर पहिल्या आलेल्यानंच आत जायचं. युवाल्डीत ती माहीत असूनही पाळली गेली नाही. तेव्हा ‘दाराला हात लावू नये’ हा सरसकट नियम मला धोक्याचा वाटतो.

वणीकर

मास्तर, सरसकट नाही. युवाल्डीत चुकलं ते ओळखण्यात. मारणारा मुलांमध्ये उभा होता आणि पोलीस त्याला एकटा कोंडलेला समजत होते. आत घाव घातल्याचा आवाज आला, धूर दिसला, बाटली तोंडाला लागल्याचं कोणी पाहिलं, की बोलणं संपलं. दोघं तर दोघं, घुसायचं. फक्त कोणत्या खुणेवर घुसायचं हे गर्दी हटवतानाच एकमेकांशी ठरलेलं हवं. ऐन वेळी चालक साहेबांना फोन लावतोय आणि अंमलदार दाराकडे पळतोय असं नको.

संध्याताई, चौकशीचं तुमचं म्हणणं मी पहिल्या पाच मिनिटांतच घेईन. पण माहेरून कालच आली म्हणून लगेच दार फोडायचं, हे मला पटत नाही. घाव घालायची इच्छा असूनही तो अजून थांबलाय. दाराचा आवाज आला तर थांबेल का?

संध्या, आर्वी

आणि नाही आला तर थांबेल याची खात्री तुम्ही देता का?

माजी हवालदार, भंडारा

दोघंही एक गोष्ट सोडताहात. मी नोकरीत पाहिलेली अडचण वेगळीच. अंमलदार बिचारा अर्धा तास बोलून त्या माणसाला जरा वळणावर आणतो. तेवढ्यात साहेबाची गाडी येते. साहेब उतरतात, भोंगा हातात घेतात आणि ‘दोन मिनिटांत बाहेर ये’. झालं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. बोलतो त्यानं हुकूम द्यायचा नाही आणि हुकूम देतो त्यानं बोलायचं नाही, एवढं पाळलं तरी खूप. पहिल्यानं जीव लावून बोलणं जमवलं असेल तर हुद्दा न पाहता त्यालाच बोलू द्या.

दुसरं, आईला किंवा साळ्याला फोनवर घेऊ नका. भांडण कशावरून आहे हे बाहेर कोणाला माहीत असतं? जिच्यावर चिडलाय तीच आई निघाली म्हणजे? निरोप घ्या, पण पोलिसाच्या तोंडून द्या. पाणी, बिडी, तंबाखू द्यायला हरकत नाही, पण त्या बदल्यात काहीतरी घ्या. धाकटं लेकरू द्या म्हणा. दारू मागितली तर ती मात्र देऊ नका. ओलिसाच्या बदल्यात दुसरा माणूस आत पाठवणं तर नाहीच, मग तो स्वतःहून तयार असो.

वणीकर, तुमचा आराखडा दोन माणसांत होत नाही. एक बोलतो, एक लिहितो, मग मागच्या दारावर कोण? पोलीस पाटलाला घ्या. गावात त्याला घराची दारं, खिडक्या, आतली खोली माहीत असते. जमिनीवर काडीनं नकाशा काढून घ्या.

बातमीवाला

सगळे मोबाइलवाल्यांवर घसरता. लाइव्ह केलं म्हणून तर वरिष्ठ जागे होतात. नाहीतर कोण येतं झरीला?

मूलचा मास्तर

वरिष्ठ जागे होतात तसा आतलाही पाहतो, त्याच्याही हातात मोबाइल आहे. मनिलात २३ ऑगस्ट २०१० ला बडतर्फ पोलीस अधिकाऱ्यानं पर्यटकांची बस धरली. बसमध्ये टीव्ही होता. बाहेर त्याच्या भावाला पोलीस धरून नेताहेत हे त्यानं तिथेच बघितलं आणि बिथरला. हाँगकाँगचे आठ पर्यटक गेले. तुमची क्लिप तासाभरानं टाका, बातमी शिळी होत नाही.

पऱ्हाटीवाला

बरं बाप्पा, भित नाई पाडत. पण अंगण खाली करा म्हणता, त्या दोन शिपायाइचं सरपंच ऐकन काय? त्याच्याच वाड्यातला मामला असला मंग? त्याले ‘मागं सरका’ म्हटलं का तोच पयले चिडते.

माजी हवालदार, भंडारा

सरपंचाला मागे सरकवायचं नाही, कामाला लावायचं. ‘१०८ ची गाडी येऊन राहिली, फाट्यावर उभे राहा, वाट तुम्हीच दाखवू शकता’ म्हणायचं. साळ्याला त्याच्यासोबत पाठवायचं. कवेलूवरच्याला आधी उतरवायचं, कारण तो पडला तर तुमची एकुलती एक गाडी त्यालाच घेऊन दवाखान्यात जाईल.