पाण्याचा मेन कॉक: वेळेवर सापडला का, आणि फिरला का?

परवा सिंकखालची कनेक्शनची नळी फुटली आणि घरातले सगळे एकमेकांना "अरे कॉक कुठंय, कॉक कुठंय" विचारत पळत होते. तुमच्याकडे काय झालं ते लिहा, छोटं असलं तरी चालेल.

---

आमच्याकडे टाकीखाली तीन कॉक, कुठला कशाचा कुणालाच पत्ता नाही. मग भाऊ वर आणि मी खाली सगळे नळ उघडे ठेवून, फोनवर ओरडत ओरडत शोधलं. एक गंमत, कॉक बंद केल्यावरही पाईपातलं पाणी संपेपर्यंत नळ वाहतच राहतो, त्यामुळे प्रत्येक वेळी थांबायला लागतं, नाहीतर वाटतं हा नव्हेच. आता पाईपांवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय.

---

गोल चाकवाला जुना व्हॉल्व्ह होता, वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही, त्यामुळे जाम. मी पाना घेऊन निघालो तर प्लंबर म्हणाला साहेब थांबा, दांडा तुटला तर हा व्हॉल्व्ह बंदच व्हायचा नाही. त्यानं दांड्यावर थोडं तेल सोडलं, जरा वेळ जाऊ दिला आणि मग हातानंच थोडं इकडे थोडं तिकडे असं हलवत हलवत मोकळा केला. फिरला, पण दांड्यापाशी थेंब थेंब गळायला लागलं. तिथला नट किंचित आवळला, थांबलं. जाताना सांगून गेला की पूर्ण उघडलात की थोडासा उलटा फिरवून ठेवा, अगदी टोकाला घट्ट ठेवला की तिथंच चिकटतो. आणि अधूनमधून फिरवत जा.

---

नुसता फ्लश किंवा बेसिन गळत असेल तर मेनपर्यंत जायचंच कशाला, खालचा अँगल कॉक, म्हणजे तेवढ्याच नळीचं पाणी बंद करणारा छोटा कॉक, बंद करा ना!

---

आम्ही तसला चाकवाला व्हॉल्व्हच काढून दांडीवाला बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला. दांडी पाईपाच्या रेषेत म्हणजे चालू, पाईपाला आडवी म्हणजे बंद, सासूबाईंनाही लांबून कळतं.

---

पाणी बंद करायच्या आधी गीझरचं बटण बंद करा, हे कुणीच लिहिलं नाही. आणि परत सोडताना कॉक हळूहळू उघडा, एकदम उघडला की पाईप धाडधाड वाजतात. पहिलं पाणी गढूळ येतं म्हणून नळाची जाळी काढून थोडं वाहू द्या, नाहीतर कचरा तिथंच अडकतो आणि मग म्हणायचं प्रेशर गेलं.

---

मेन बंद करूनही आमचा एक नळ बारीक चालूच राहतो, रात्रभर, काय असेल?

---

बहुतेक दोन शक्यता. एक तर तो नळ दुसऱ्या लाइनवर आहे, नाहीतर व्हॉल्व्हमध्ये गाळ बसलाय आणि पूर्ण बंद होत नाहीये. एक-दोनदा उघडून परत बंद करून बघा, गाळ निघून गेला तर ठीक. नाहीच थांबलं तर व्हॉल्व्ह बदलायला टाकीचं आउटलेट बंद करावं लागेल किंवा टाकी रिकामी, तेवढी तयारी ठेवा.