मदत हवी आहे: जर्मनीतल्या गावात गाडी चालवताना 'उजवीकडचा आधी' अंगवळणी कसं पाडायचं?

धाकटा फादर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

मी मूळचा वसईचा, कॅथलिक धर्मगुरू. दीक्षेनंतरची सुरुवातीची वर्षं जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काढली. आता आमच्या संस्थेने जर्मनीत पाठवलंय, आयफेलच्या डोंगराळ भागात. 'मिशनरी आणि जर्मनीत?' हे घरच्यांनीही विचारून झालंय. इथे नवे धर्मगुरू तयार होत नाहीत, त्यामुळे आसपासचे धर्मग्राम (एकेका चर्चच्या हद्दीतली गावं) एकत्र करून एका-दोघांच्या गळ्यात घालतात. माझ्या वाट्याला चार गावं आली आहेत. रविवारी एका चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपून पुढच्या गावात वेळेवर उभं राहायचं असतं. बस आहे, पण तिची वाट बघत बसलो तर मी पोचेपर्यंत लोक घरी जाऊन जेवायला बसलेले असतील. त्यामुळे गाडीला पर्याय नाही.

गाडी चालवता येते. जव्हारच्या घाटात भर पावसात, धुक्यात बोलेरो हाकली आहे. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याचाही फारसा त्रास झाला नाही, त्याची सवय लवकर झाली. (इंडिकेटर द्यायला गेलो की वायपर फिरतो, पण तेही आता कमी झालंय.)

अडचण वेगळीच आहे. गावातल्या गल्ल्यांमध्ये जिथे पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. नियम समजतो, शरीर ऐकत नाही. मी चांगल्या रुंद रस्त्यावरून चाललेला असतो, उजवीकडून एक चिंचोळा बोळ येऊन मिळतो आणि त्यातून एक आजीबाई माझ्याकडे ढुंकूनही न बघता गाडी थेट पुढ्यात आणतात. त्यांचं बरोबर असतं! उलट जिथे हक्क माझा असतो तिथे मी वेग कमी करतो, समोरच्याचा चेहरा शोधतो, हात करून 'तुम्ही जा' म्हणतो. तो गोंधळून थांबतो, मीही थांबलेला, मागचा वैतागलेला. मोखाड्याकडे अरुंद मोरीवर आधी कोण, हे दोन ड्रायव्हर नजरेने आणि हॉर्नने ठरवतात. इथे कुणी नजरच देत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे गुरुजी म्हणतात, "तुम्ही फार नम्रपणे चालवता, अशाने नापास व्हाल."

तर हे वळण कसं लावायचं? शिवाय भारतीय लायसन्सचे सहा महिने संपत आलेत, त्याची प्रक्रिया कुणी नुकतीच केली असेल तर सांगा. हिवाळा आणि रानातली जनावरं यांची धास्ती आहेच. आणि एक जरा विचित्र प्रश्न: रविवारी लागोपाठ मिस्सा असतात, प्रत्येक वेळी द्राक्षारस घ्यावाच लागतो. पोलिसांनी फुंकायला लावलं तर?

श्टुटगार्टकर

फादर, स्वागत. आधी कागदपत्रांचं बोलतो, कारण तिथे जर्मन लोक दयामाया दाखवत नाहीत.

सहा महिने हे तुम्ही इथे राहायला आल्यापासून मोजतात. त्यानंतर भारतीय लायसन्सवर गाडी काढली तर दंड भरून सुटता येत नाही, विनापरवाना चालवल्याचा फौजदारी गुन्हा लागतो. मुदतवाढ मिळते, पण एकूण मुक्काम वर्षाच्या आत असेल तरच. तुमचं तसं दिसत नाही. जपान किंवा दक्षिण कोरियाच्या लोकांना परीक्षेशिवाय लायसन्स बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच की नवशिक्यांसारखे सक्तीचे तास भरावे लागत नाहीत. तरी गुरुजींकडे थोडे तास घ्याच, परीक्षा त्यांच्याच गाडीत आणि त्यांना शेजारी बसवूनच होते.

अर्जासोबत डोळे तपासल्याचा दाखला, प्रथमोपचाराच्या कोर्सचं प्रमाणपत्र (एका दिवसात होतो), फोटो, पत्त्याची नोंद आणि मूळ लायसन्स लागतं. भाषांतर मागतील, ते आधीच करून ठेवा. अर्ज मंजूर व्हायला आठवडे जातात, म्हणून आजच टाका. जर्मन लायसन्स देताना भारतीय काढून घेतात, याची तयारी ठेवा.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. ३० प्रश्न असतात आणि १० दोषगुणांपर्यंत पास. मात्र ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले की बेरीज १० च असली तरी नापास. प्रत्यक्ष परीक्षा ५५ मिनिटांची. ऑटोमॅटिकवर दिलीत तर लायसन्सवर ७८ हा आकडा येतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. धर्मग्रामाची गाडी कुठली आहे ते आधी बघून घ्या.

आणि गुरुजींचं खरं आहे. कारण नसताना थांबणं ही परीक्षकाच्या वहीत चूक म्हणूनच जाते.

नाकतोडा

मिशनरी म्हणजे तिकडेही धर्मांतराचाच उद्योग का?

संपादक

धागा गाडी चालवण्याबद्दल आहे. दुसरी चर्चा हवी असेल तर वेगळा धागा काढावा, इथले अवांतर उडवले जाईल.

धाकटा फादर

नाकतोडा, सध्या इथल्या आजीबाईच मला वळण लावतायत, मी कुणाला काय लावणार!

श्टुटगार्टकर, अनेक धन्यवाद. गाडी गिअरचीच आहे. ७८ चं कुणीच सांगितलं नव्हतं.

कोलोनची मीनल

मी कोलोनमध्ये बरीच वर्षं चालवतेय आणि सासर आयफेलच्या पायथ्याशी आहे, म्हणजे तुमचे रस्ते ओळखीचे.

रस्ता किती रुंद आहे ते बघणं सोडा, पाट्या बघा. पिवळा चौकोन कोनावर उभा दिसला की तुम्ही हक्काच्या रस्त्यावर आहात, तो हक्क रद्द केल्याची पाटी येईपर्यंत. लाल कडेच्या त्रिकोणात जाड बाण असेल तर हक्क फक्त पुढच्या चौकापुरता. यातलं काहीच नसेल तर उजवीकडचा आधी. ताशी ३० किमीच्या झोनमध्ये बहुतेक वेळा हाच प्रकार असतो, म्हणून ३० ची पाटी दिसली की मान आपोआप उजवीकडे वळायला हवी.

याला अपवाद आहेत आणि खेड्यात तेच जास्त भेटतात. शेतातून किंवा रानातून येणाऱ्या वाटेवरचा ट्रॅक्टर उजवीकडून आला तरी त्याने थांबायचं असतं. फुटपाथची दगडी कड जिथे सखल केलेली आहे आणि गाडी त्यावरून उतरून येतेय, तिथेही हक्क तुमचा. परीक्षक नेमके अशा ठिकाणी नेतात. आणखी एक फसवं प्रकरण म्हणजे हक्काचा रस्ताच चौकात वळतो. पिवळ्या चौकोनाखालच्या पाटीवर जाड रेघ वाकडी काढलेली असते. त्या रेघेबरोबर वळलात तरी इंडिकेटर द्यायचा, सरळ गेलात तर द्यायचा नाही. आपल्या लोकांचं इथे हमखास उलटं होतं.

दिव्याचं लक्षात ठेवा. आपल्याकडे समोरच्याने अपर मारला म्हणजे 'मी येतोय, बाजूला हो'. इथे गावातल्या चौकात तोच अपर बहुधा 'तुम्ही जा' असा असतो. (आउटोबानवर, म्हणजे द्रुतगती महामार्गावर, मागून मारला तर मात्र अर्थ आपल्यासारखाच!) कायद्यात याला काही किंमत नाही, म्हणून दिव्यावर विसंबून गाडी घालू नका.

स्कूलबस थांब्यावर चारही इंडिकेटर लावून उभी असेल तर तिच्या बाजूने माणूस चालतो त्या वेगाने जायचं, समोरून येणाऱ्यांनीसुद्धा. सायकलवाल्याला ओलांडताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर. आणि गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की वेगळी पाटी नसली तरी ५० सुरू, तेच नाव लाल रेघेने खोडलेलं दिसलं की १००. आयफेलच्या वळणांवर १०० ने जायची सक्ती नाही हो, ती कमाल मर्यादा आहे. न्यूर्बुर्गरिंग हा शर्यतींचा ट्रॅक तुमच्याच भागात, तेव्हा उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मोटरसायकलवाले वळण कापत येतात. उजवी कड धरून राहा.

निवृत्त चालक आप्पा

फादर, मी एसटीत होतो. नाशिकहून त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार ही लाईन केली आहे. तुमचे पाडे मला माहीत आहेत.

तुम्ही म्हणता नजरेने ठरतं. मोरीवर ठरतं, मान्य. पण घाटात? घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा आपल्याकडेही नियमच आहे. खालून भरलेली गाडी चढताना दिसली तर तुम्ही त्या ड्रायव्हरचा चेहरा शोधत होता का? नाही. चढतोय म्हटल्यावर उतरणारा कडेला दाबून उभा राहतो. त्यात उपकार नाही न् नम्रपणाही नाही. त्याची गाडी थांबली तर पुन्हा उचलणार नाही, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

तर ही सवय तुमच्या पायात आधीपासून आहे. उजवीकडचा प्रत्येक बोळ म्हणजे तोरंगण घाट समजा. त्यातून आजीबाई नाही, भरलेली एसटी चढतेय. आणि तुमचा हक्क असेल तेव्हा एसटी तुम्ही. चढणारा कधी मधेच थांबून 'तुम्ही जा' म्हणतो का? दुसऱ्या गिअरमध्ये, लक्ष ठेवून, सरळ काढायची. बोळाच्या तोंडाला येण्याआधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ब्रेकवर नुसता ठेवा, दाबू नका. बोळ रिकामा दिसला की परत ॲक्सिलरेटर. आमच्या नव्या पोरांना मी असंच शिकवायचो.

बर्फाचं मला माहीत नाही. पण उतार तो उतार. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

सिस्टर आयफेलवाली

जय येशू, फादर. मी इथल्या वृद्धाश्रमात नर्स आहे, रात्रपाळीला रोज जंगलातून गाडीने जाते.

हरणं आणि रानडुकरं पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. एक दिसलं म्हणजे मागे आणखी आहेत असंच धरा. दिवे डीम करा, हॉर्न द्या, ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग सरळ. चुकवायला जाऊन झाडावर आदळण्यापेक्षा जनावराला धडक परवडली. धडक झालीच तर चारही इंडिकेटर, अंगात पिवळं जाकीट, साधारण १०० मीटर मागे त्रिकोण ठेवायचा आणि ११० ला, म्हणजे पोलिसांना, फोन. जनावराला हात लावायचा नाही, उचलून नेलं तर शिकारचोरी ठरते. पोलीस किंवा शिकारी दाखला देतात, त्यावर विमा मिळतो. टाइल-कास्को (स्वतःच्या गाडीच्या अशा नुकसानीचा अंशतः विमा) घेतलाय ना, ते धर्मग्रामाच्या कचेरीत विचारा.

टायरसाठी इथे 'ऑक्टोबर ते ईस्टर' असं म्हणतात, तुम्हाला वेगळं कॅलेंडर बघायला नको. कायद्यात तारीख नाही, पण रस्त्यावर बर्फ किंवा गोठलेलं पाणी असताना हिवाळी टायर हवेतच. टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असलंच पाहिजे, नुसतं एम+एस (चिखल-बर्फाच्या टायरचं जुनं चिन्ह) आता चालत नाही. पुलावर आणि झाडांच्या सावलीत रस्ता आधी गोठतो.

द्राक्षारसाचं हसण्यावारी नेऊ नका. रक्तातल्या मद्याची मर्यादा प्रति हजारी ०.५ आहे, पण ०.३ असताना गाडी वेडीवाकडी गेली किंवा अपघात झाला तरी गुन्हा होतो. नव्या लायसन्सवाल्याला दोन वर्षं शून्य. तुमचं भारतीय लायसन्स जुनं असेल तर ती वर्षं त्यातून वजा होतात, कचेरीत लेखी विचारून घ्या. मुस्तुमची (जेमतेम आंबलेल्या द्राक्षरसाची) परवानगी प्रकृतीच्या कारणासाठी असते, गाडीसाठी कुणी देणार नाही. आमचे म्हातारे फादर कपात जेमतेम चमचाभर ओततात आणि पाण्याचा थेंब घालतात. विधीला तेवढं पुरतं. खरा धोका मिस्सानंतर आहे. बाप्तिस्मा, लग्न, गावची जत्रा, प्रत्येक जण ग्लास पुढे करतो. "गाडी आहे" म्हटलं की इथे कुणी आग्रह करत नाही.

अवांतर: १९२७ साली पाउल शुल्टं या जर्मन धर्मगुरूंनी मिवा ही संस्था काढली, दूरदेशीच्या मिशनऱ्यांना वाहनं मिळावीत म्हणून. त्यांचा एक मित्र आफ्रिकेत वेळेवर वाहन न मिळाल्याने दगावला होता. अजून चर्चमध्ये त्यासाठी वर्गणी जमते. आता तुम्ही तिकडचे मिशनरी इथे गाडी पळवताय, हे ऐकून गावातल्या म्हाताऱ्यांना मजा वाटेल, प्रवचनात सांगा.

धाकटा फादर

सगळ्यांचे आभार. आप्पा, घाटाचं डोक्यात शिरलं. आज गुरुजींबरोबर गावातून फिरताना प्रत्येक बोळाला मनात 'चढतेय' म्हणत होतो. ते अधूनमधून माझ्याकडे बघत होते, पण ब्रेकवर त्यांचा पाय गेला नाही. एका ठिकाणी मी पुन्हा हात केलाच, ती सवय जायला वेळ लागेल.

अर्ज टाकला. मुदत संपली की धर्मग्रामातले एक निवृत्त शिक्षक रविवारी मला चर्चमधून चर्चमध्ये सोडणार आहेत.

सिस्टर, टाइल-कास्को आहे. मीनलताई, एक राहिलं. दवाखान्यासमोर पार्किंगला निळ्या चकतीचं चित्र आहे. आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा तिथे गाडी लावायची असते. त्या चकतीवर निघायची वेळ लावायची की पोचल्याची?

कोलोनची मीनल

पोचल्याची, पण पुढच्या अर्ध्या तासावर सरकवून. १०:०५ ला लावलीत तर काटा १०:३० वर, आणि पाटीवर लिहिलेला वेळ तिथून मोजायचा. वेळ संपत आली म्हणून खाली येऊन नुसता काटा पुढे ढकलायचा नाही, त्यालाही दंड आहे. चकती पेट्रोलपंपावर मिळते, निळीच घ्या.