छाती लहान असली तर अंगावरचं दूध कमी येतं का?

प्रश्न: सातव्या महिन्यातल्या बाईला घरात सगळ्या सांगतात, 'छाती लहान आहे, दूध पुरायचं नाही, पावडरचा डबा आणून ठेव.' यात तथ्य किती? मालिशने आकार वाढतो का? आणि ब्राच्या 34 बी, 32 सी या मापांत नक्की फरक काय?

उत्तर १: डबा आणू नका. आकार मुख्यतः चरबीने ठरतो, दूध बनतं ग्रंथींत. त्या लहान छातीतही पुरेशा असतात. फरक साठवणीत पडू शकतो. एका वेळी कमी मावलं तर बाळ लवकर मागतं, एवढंच. जन्मानंतर पहिल्या तासात छातीशी धरा, मग 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजा, रात्रीसुद्धा.

दूध कमी पडतं ते बहुतेकदा पकड चुकल्याने. बाळाने नुसतं बोंड धरलं तर स्तन रिकामा होत नाही, आणि तो भरलेला राहिला की शरीर पुढचं दूध कमी बनवतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. वरचं दूध दिलं की बाळ कमी ओढतं आणि दूध खरंच आटतं!

प्रश्नकर्ती: पुरतंय हे कळायचं कसं? पंपाने काढून मोजावं का?

उत्तर १: नको. बाळ ओढतं तेवढं पंपाला निघेलच असं नाही. पाचव्या दिवसानंतर 24 तासांत निदान 6 वेळा शू आणि वाढतं वजन, हीच खूण.

उत्तर २: एक अपवाद सांगायलाच हवा. स्तन नळीसारखे, दोहोंत बरंच अंतर आणि गरोदरपणात काहीच बदल नाही, असं असेल तर ग्रंथी कमी असू शकतात. स्तनावर शस्त्रक्रिया झाली असेल तरीही प्रसूतीआधीच डॉक्टरांशी बोला.

उत्तर ३: मालिशने आकार वाढत नाही. व्यायामाने वाढतो तो स्तनामागचा स्नायू. 34 म्हणजे ब्राचा छातीखालचा पट्टा, इंचांत. छातीखालचं आणि सर्वांत भरल्या भागावरचं माप घ्या. फरक 2 इंच तर वाटी (कप) बी, 3 तर सी. 34 बी आणि 32 सी यांच्या वाटीत जवळपास सारखंच मावतं, फक्त पट्टा आखूड. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर 32 सी घालून बघा. काही कंपन्या छातीखालच्या मापात 4-5 इंच मिळवतात, म्हणून त्यांचा तक्ता पाहा. पाजण्याची ब्रा शेवटच्या महिन्यात घ्या, सर्वांत सैल हुकावर बसणारी. बाळंतपणानंतर बरगड्यांचा घेर उतरतो.

उत्तर २: दोन्ही स्तन थोडे लहान-मोठे असणं नेहमीचंच. पण नवी गाठ, कातडीला खळगा, नव्याने आत ओढलेलं बोंड किंवा रक्ताळ पाणी दिसलं, तर गरोदर असा वा पाजत असा, लगेच दाखवा.